‘चांगुणा’ घड्याळवाल्या विमलताई

विमलताई भालेराव यांच्या गाळ्यात मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा नाव सांगण्याआधीच माझी झडती झाली. दाराला ओलं गोणपाट टांगलेलं होतं. ते बाजूला सारून आत पाऊल टाकणार, तोच आवाज आला, "तिथंच थांबा. हात वर करा." पन्नाशीच्या एक बाई घट्ट पिळलेला पंचा घेऊन पुढे आल्या आणि त्यांनी माझे खांदे, बाह्या, पाठ आणि शेवटी डोकंसुद्धा टिपून काढलं. मी भिवंडीतल्या लूमवाल्यांचे, म्हणजे यंत्रमागवाल्यांचे हिशेब आणि कराची कामं करतो. त्यामुळे झडती घेणारी माणसं मला नवी नाहीत. पण त्यांच्यापैकी कोणी माझं डोकं पुसलं नव्हतं.

"रागावू नका, भाऊ," त्या म्हणाल्या. "नारपोलीतून चालत आलात म्हणजे अर्ध्या उशीचा कापूस अंगावर घेऊन आलात. त्यातला एक तंतू माझ्या घड्याळात गेला की घड्याळाला पडसं होतं."

मला वाटलं, घड्याळं दुरुस्त करत असतील. नारपोलीत पाच-सहा जण ते करतात, तेही टपरीत बसून, आणि कोणाचं डोकं पुसत नाहीत. विमलताई घड्याळं दुरुस्त करत नव्हत्या, बनवत होत्या. मनगटावर बांधायची, चावीची, एकेक हाताने घडवलेली आणि अतिशय महाग. डाव्या बाजूला लूमचा गाळा, उजव्या बाजूला लूमचा गाळा, मागे सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगचं बॉयलर, हवेत चोवीस तास उडणारी रुई, आणि मधोमध ही बाई डोळ्याला भिंग लावून केसापेक्षा बारीक स्प्रिंगा सरळ करत बसलेली. त्या वेळी त्यांच्या कंपनीचं वय तीन महिने होतं आणि कंपनीत माणूस एकच होता. नोंदणी करायला दुसरा माणूस हवा होता, म्हणून मला बोलावलं होतं.

घरी जाऊन मी बायकोला ही हकीकत सांगितली. ती म्हणाली, "रोज जा त्यांच्याकडे. शर्ट झटकायचं माझं काम वाचेल."

विमलताईंचं माहेर अकलोलीचं, सासर नारपोलीचं. नवरा लूमचा जॉबर होता, म्हणजे बिघडलेले लूम चालू करून देणारा. तो लवकर गेला. ताई मुंबईत एका परदेशी घड्याळ कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात कामाला लागल्या आणि एकवीस वर्षं तिथे होत्या. श्रीमंत लोकांची घड्याळं उघडायची, साफ करायची, बंद करायची. केंद्र बंद झालं तेव्हा सगळ्यांनी विचारलं, आता काय करणार? त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं दुसऱ्यांची पोरं न्हाऊमाखू घातली. आता एक आपलं होऊ दे."

कंपनीचं नाव काय ठेवायचं, यावर आमचा पहिला वाद झाला. मी वहीत दोन-तीन इंग्रजी वळणाची नावं लिहून नेली होती. त्यांनी ती वाचलीसुद्धा नाहीत.

"चांगुणा," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"माझी आई. अकलोलीला असते."

"ताई, एका घड्याळाच्या किमतीत नवी स्कूटर येते. चांगुणा नावाचं घड्याळ कोण घेईल?"

"तिकडं परदेशात आजाच्या, बापाच्या नावानं कंपन्या चालवतात. लोक त्या नावानं कॉलर ताठ करून मिरवतात. माझ्या आयशीच्या नावात काय वाईट हाय? ती काय कोणाचं खाऊन बसलीय?"

मी नोंदणीच्या अर्जात ‘चांगुणा’ लिहिलं. तबकडीवरही तेच नाव आलं, देवनागरीत, बाराच्या आकड्याखाली, मोहरीएवढ्या अक्षरांत. खरं सांगायचं तर छापल्यावर ते फार देखणं दिसलं.

किमतीवरून गल्लीत त्यांची बरीच चेष्टा व्हायची. शेजारच्या गाळ्यातला कामगार चहाच्या वेळी दारातून डोकावून म्हणायचा, "ताई, मोबाईल में टाइम फ्री में दिखता है." ताई मान वर न करता म्हणायच्या, "तुला घ्यायचं हाय का? न्हाय ना? मग महाग असू दे की. तुझ्या खिशाला काय टोचतंय?" तो हसत निघून जायचा आणि दुसऱ्या दिवशी तेच विचारायला परत यायचा.

काम करायची त्यांची पद्धत मी बसल्या बसल्या बघत असे. काटे पोलादाचे. ते निळे व्हायला हवेत, आणि तो निळा रंग लावायचा नसतो, तापवून आणायचा असतो. घरच्या गॅसवर तवा, तव्यात पितळेचा भुसा, भुशावर काटा. पोलाद आधी पिवळसर होतं, मग तपकिरी, मग जांभळं, आणि त्यानंतर क्षणभर मोरपिशी निळं. तेवढ्यात उचललं तर साधलं. नाहीतर राखाडी पडतं आणि काटा फुकट जातो. त्या तव्यासमोर ताई श्वास रोखून उभ्या असायच्या. त्यांच्या सुनेने एकदा विचारलं, "आई, भाकरी कधी टाकू?" ताई म्हणाल्या, "भाकरी करपली तर दुसरी टाकता येते. हा काटा करपला तर माझा आठवडा करपतो." त्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी वडापाव खाल्ला.

पहिल्या वर्षात तीन घड्याळं पुरी झाली, आणखी पाच अर्ध्यावर होती. बाजूच्या गाळ्यात तेवढ्या वेळात किती कापड निघालं याचा आकडा माझ्याकडे होता, पण मी तो ताईंना सांगितला नाही. तिन्ही विकली गेली. ताईंच्या मुलाने तव्यावर निळ्या होणाऱ्या काट्याचा व्हिडिओ मोबाईलवर टाकला होता, त्यावरून पुण्याच्या एका डॉक्टरीणबाईंनी पहिलं घेतलं आणि नाशिकच्या एका इंजिनिअरने दुसरं. तिसरं भिवंडीतल्याच निजामपुऱ्याच्या रफीकसेठनी घेतलं. रफीकसेठ लूमचे मालक, माझे जुने गिऱ्हाईक. त्यांना ताईंच्या नवऱ्याची आठवण होती. "उस्ताद जॉबर था," ते म्हणाले. "उसके घर की चीज़ है, लेनी पड़ेगी."

घड्याळ गिऱ्हाइकाला देण्याआधी ताई ते पंधरा दिवस भिंतीतल्या फळीवर ठेवायच्या. रोज सकाळी चावी द्यायची, मोबाईलच्या वेळेशी ताडून बघायचं, आणि वेग कमीजास्त करणारी आतली बारीक दांडी नखभर इकडे किंवा तिकडे सरकवायची. घड्याळाची टिकटिक ऐकून वेग सांगणारं एक यंत्रही त्यांच्याकडे होतं. पण त्याला घड्याळाऐवजी लूमच ऐकू यायचे. मग त्यावर त्या चष्मा ठेवायला लागल्या. "मशीन बहिरं झालंय नारपोलीत," म्हणायच्या. "फळी खोटं बोलणार न्हाय." तिन्ही घड्याळं फळीवरून उतरली तेव्हा दिवसाला पाच सेकंदांचाही फरक नव्हता. मी स्वतः बघितलं होतं.

दोन आठवड्यांनी पुण्याहून फोन आला. डॉक्टरीणबाई सभ्य होत्या. म्हणाल्या, "घड्याळ सुंदर आहे, पण दिवसाला चार मिनिटं मागे पडतं."

ताईंनी ते मागवून घेतलं. फळीवर ठेवलं. दांडीला हात न लावता पाच दिवस बघितलं. बिनचूक. परत पाठवलं. पुण्यात पुन्हा चार मिनिटं मागे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ताई, हे आजोळी गेलेल्या मुलासारखं वागतंय. तुमच्याकडे शहाणं असतं, घरी आलं की हट्ट करतं." त्या हसल्या. ताई हसल्या नाहीत, कारण त्याच संध्याकाळी नाशिकच्या इंजिनिअरचाही फोन आला. तो सभ्य नव्हता. म्हणाला, "फसवलंत तुम्ही."

हा शब्द ताईंना लागला. त्या आठवड्यात मी दोनदा गाळ्यात गेलो आणि दोन्ही वेळा झडतीशिवाय आत पोहोचलो. त्यावरून मी काय ते समजलो. पुढच्या पाच घड्याळांची मागणी आलेली होती. ती पाचही फळीवर होती, चोख चालत होती, आणि त्यांच्यावर ताईंचा विश्वास उरला नव्हता.

"माझं नाव असतं तर मी सोसलं असतं," त्या म्हणाल्या. "पण तबकडीवर आई हाय. नाशिकला कोणीतरी चार लोकांत म्हणत असेल, चांगुणा खोटी निघाली. तिला तर घड्याळ कळतसुद्धा न्हाय, भाऊ. ती उन्हावर येळ सांगते."

मी म्हणालो, रफीकसेठना विचारू. फोन लावला. सेठ म्हणाले, "मेरी तो एकदम बराबर चल रही है. शनिवार को काँटा मिला लेता हूँ, फिर हफ्ता भर सेकंद का फरक नहीं." म्हणजे तिघांपैकी दोघांकडे बिघडलं, एकाकडे बरोबर. दोन बाहेरगावी, एक भिवंडीत. हवेचा दोष म्हणावा, तर ताईंनी घड्याळाची डबी घट्ट बंद केलेली. मी कागदावर सगळं मांडून बघितलं आणि मला काहीही सुचलं नाही.

मग ताईंनी एक साधी गोष्ट केली. त्या शुक्रवारी माहेरी गेल्या नाहीत.

भिवंडीत लूमची सुट्टी शुक्रवारी. त्यामुळे नारपोलीत दुकानं, गाळे, शिंपी, न्हावी, सगळ्यांची सुट्टी शुक्रवारीच पडते. ताईसुद्धा, लूमशी संबंध नसताना, गल्लीबरोबर शुक्रवारीच सुट्टी घ्यायच्या. सकाळी घड्याळांना चावी देऊन अकलोलीला आईकडे जायचं, गरम पाण्याच्या कुंडावर पाय शेकायचे, रात्री परत. शनिवारी सकाळी घड्याळं थोडी मागे दिसायची. ताईंना वाटायचं, आपणच घाईत चावी अर्धी दिली असेल. त्या पुन्हा काटे लावायच्या आणि आठवडा सुरू व्हायचा. सुट्टीच्या दिवशी गाळ्यात काय होतं, हे कधी कोणी बघितलंच नव्हतं.

त्या शुक्रवारी त्यांनी मलाही बोलावलं. "हिशेबाचा माणूस शेजारी असला की बरं," म्हणाल्या. "माझे डोळे आता माझीच बाजू घेतात." मी गेलो. झडती झाली, तेव्हाच जरा बरं वाटलं. आम्ही स्टुलांवर बसलो. गल्लीत एकही लूम चालू नव्हता. पंख्याचा आवाज ऐकू येत होता, आणि थोड्या वेळाने फळीवरच्या घड्याळांची टिकटिकसुद्धा.

"एवढं शांत असतं काय इथं?" ताई म्हणाल्या. इतक्या वर्षांत शुक्रवारी दिवसभर घरी राहायची त्यांची ती पहिलीच वेळ.

दुपारच्या जेवणापर्यंत पाचही घड्याळं एक मिनिट मागे होती. चहापर्यंत दीड मिनिट. सगळी सारखीच, एकमेकांना धरून, जणू ठरवून निघाली होती. ताई फळीकडे बघत राहिल्या. मग उठून त्यांनी भिंतीला तळवा लावला, जसा आपण आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतो तसा. ती भिंत शेजारच्या लूमच्या गाळ्याची आणि आमची सामाईक. आज ती मुकी होती.

"भाऊ, बाजूचे लूम मिनिटाला किती मारतात?"

हे मला तोंडपाठ होतं. मालकांचा सगळा हिशेब त्या आकड्यावर उभा असतो. "धोटा मिनिटाला दीडशे वेळा जातो," मी म्हणालो.

ताई स्टुलावर बसल्या. "माझ्या घड्याळातलं चाक मिनिटाला दीडशे झोके घेतं," त्या म्हणाल्या.

दोघांचे आकडे वर्षभर एकाच गाळ्यात बसून चहा पीत होते आणि आम्ही त्यांची ओळख करून दिली नव्हती. झोपाळ्यावरच्या मुलाला मागून कोणी प्रत्येक झोक्याला बोटभर धक्का देत राहावं, तशी ती भिंत फळीला आणि फळी घड्याळाला धक्का देत होती. जराशी पुढे ओढत होती. ताई ते ‘पुढे पळणं’ काढून टाकायला दांडी मागे सरकवत होत्या. म्हणून घड्याळं नारपोलीत बरोबर आणि इतरत्र मागे. रफीकसेठ तर निजामपुऱ्यात आपल्या लूमच्या वरच राहतात. दिवसा खालच्या ऑफिसात घाम येतो म्हणून घड्याळ टेबलावर काढलेलं, रात्री कपाटावर ठेवलेलं, आणि खाली लूम चालू. त्यांचं घड्याळ घर सोडून गेलंच नव्हतं.

मला फार बरं वाटलं. मी म्हणालो, "ताई, सुटलं. आता दांडी शुक्रवारीच लावायची. पुणे-नाशिकची घड्याळं मागवा, गुपचूप ठीक करून द्या. बाकी कोणाला काही सांगायची गरज नाही. कंपनी नवी आहे, उगाच बोभाटा कशाला?"

"गुपचूप कशाला? मी काय चोरी केलीय?"

"लोक हसतील."

"हसू देत. चुकली म्हणतील, खोटी न्हाय म्हणणार. ह्या दोघांत लई अंतर हाय, भाऊ. तुमच्या हिशेबात नसेल, माझ्यात हाय."

त्यांनी तिथेच बसून फोन केले. पुण्याच्या बाईंना म्हणाल्या, "डॉक्टर, तुमचं घड्याळ लूमच्या नादाला लागलं होतं. माझ्याच घरी बिघडलं. आता वळण लावून देते." डॉक्टरीणबाई इतक्या हसल्या की फोन ताईंच्या कानाला असूनही मला ऐकू आलं. त्यांनी घड्याळ ठेवलं, शिवाय बहिणीसाठी एक मागितलं. नाशिकच्या इंजिनिअरने मात्र सगळं ऐकून घेतलं आणि घड्याळ कायमचं परत केलं. ताईंनी ते घेतलं.  पाच नव्या गिऱ्हाइकांनाही त्यांनी कारण सांगून थांबायला सांगितलं. दोघं थांबले नाहीत.

अडले ते रफीकसेठ. घड्याळ द्यायला तयारच नाहीत.

"ताई, चलती चीज़ को क्यों छेड़ना?"

"सेठ, ते बरोबर चालत न्हाय. माझ्या चुकीवर तुमचे लूम पांघरूण घालतायत, म्हणून तसं दिसतं."

"तो ठीक है ना. मेरे लूम तो चल रहे हैं."

"उद्या तुम्ही कुठं गावाला गेलात म्हणजे?"

"मैं कहाँ जाता हूँ? हज कर लिया, बेटी की शादी कर ली. अब नीचे लूम, ऊपर घर."

ताईंनी घड्याळ मागणं सोडलं. पण ते घड्याळ त्यांच्या मनातून गेलं नाही. कधीही मी निजामपुऱ्यात जाऊन आलो की विचारायच्या, "सेठच्या मनगटावर हाय का अजून?" मी हो म्हटलं की पुन्हा भिंग लावायच्या. एकच घड्याळ असं होतं की ज्यात त्यांची चूक अजून चालू होती, आणि मालक तिच्यावर खूश होता.

शुक्रवारी दांडी लावायचा माझा तोडगा त्यांनी दोन महिने चालवला. मग म्हणाल्या, आठवड्यातून एक दिवस खरं बोलून भागत नाही. अकलोलीला आईच्या घरामागे त्यांनी एक खोली बांधली आणि सगळं तिकडे हलवलं. सामान टेम्पोत गेलं. घड्याळं त्या मांडीवर घेऊन पुढे बसल्या. शेजारचा कामगार टेम्पोला हात लावून म्हणाला, "ताई, अब टाइम किससे पूछेंगे?" ताई म्हणाल्या, "मोबाईल बघ. फ्री में दिखता है."

तिथे कंपनीचं चांगलं चाललं. गावातल्या दोन मुली हाताखाली आल्या. चिमट्याला त्यांचा हात ताईंपेक्षा हलका, असं ताईच सांगतात. आता मागणी आधी येते आणि घड्याळ वर्षाने. मी तीन महिन्यांतून एकदा कागदपत्रं घेऊन जातो. दाराला अजून ओलं गोणपाट आहे. "इथं कुठली रुई?" मी विचारलं. म्हणाल्या, "तुम्ही आणता की."

मागच्या खेपेला मी जाताना माझ्या गाडीत रफीकसेठ होते. सेठनी त्याआधीच्या महिन्यात लूम भंगारात दिले होते. मुलगा गोदाम करणार आहे. त्या व्यवहाराचे कागद मीच केले होते. वाटेत सेठ फक्त रस्त्याबद्दल बोलले. तिथे पोचल्यावर मुकाट्याने झडती देऊन आत आले, मनगटावरचं घड्याळ काढलं आणि ताईंसमोर ठेवलं.

"ताई, पीछे पड़ रही है."

ताईंनी घड्याळ उचललं. मला वाटलं, आता म्हणतील, मी सांगत नव्हते का? त्यांना तेवढा हक्क होता. त्यांनी सेठच्या तोंडाकडे बघितलं.

"कधी बंद केले?"

"पिछले महीने."

"सगळे?"

"सब."

ताईंनी भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं आणि बराच वेळ नुसतं आत बघितलं. चाक झोके घेत होतं. मग चिमट्याच्या टोकाने दांडी हलवली, इतकी थोडी की मला दिसलीच नाही.

"सेठ, ह्यात माझी चूक होती तेवढी मी काढली," त्या म्हणाल्या. "तुमचं गेलं ते माझ्या हातातलं न्हाय."

सेठनी मान हलवली. ताईंनी आठ दिवस घड्याळ ठेवून घेते म्हटलं, तर त्यांनी ऐकलं नाही. आजच द्या, म्हणाले. मग चहा होईपर्यंत ते फळीवर राहिलं. मुलींनी चहा केला, गावातल्या कुंडांबद्दल आणि गुडघेदुखीबद्दल बोलणं झालं. निघताना सेठनी घड्याळ बांधलं, अंगणात आले, आणि जन्मभर लूमच्या आवाजावरून बोलायची सवय असलेला माणूस जसा बोलतो तसं, पूर्ण छातीतून, ओरडले, "अच्छा ताई, चलता हूँ."

त्या शांततेत परड्यातल्या कोंबड्या उडाल्या. आतल्या खोलीतून म्हातारीचा बारीक आवाज आला. "विमल, कोण भांडतंय गं?"

"कोणी भांडत न्हाय, आये," ताई म्हणाल्या. "निजामपुऱ्याचे सेठ हायत. निरोप घेतायत."